स्टेटस बार लपवला तरी वर काळी पट्टी राहते, डायलॉग उघडला की बार परत येतो... उपाय काय?

अर्धाकोड

नमस्कार मंडळी. शिकवणीच्या व्हिडिओंचं एक अ‍ॅप करतोय, सध्या फक्त अँड्रॉइड, कोटलिनमधे, आयफोनचं काम नंतर सुरू होईल. व्हिडिओच्या स्क्रीनवर स्टेटस बार (वरची घड्याळ-बॅटरीची पट्टी) नको असं डिझाइनवाल्यांनी सांगितलंय. नेटवर शोधलं, सिस्टीम यूआय फ्लॅग फुलस्क्रीन लावला, बार गेला, आनंदीआनंद. पण आता तीन गोष्टी होतायत.

कॅमेऱ्याची खाच असलेल्या फोनवर बार जातो खरा पण त्याच्या जागी तेवढ्याच उंचीची काळी पट्टी उरते, व्हिडिओ वरपर्यंत जातच नाही, बिनखाचेच्या जुन्या फोनवर मात्र सगळं व्यवस्थित. दुसरं म्हणजे व्हिडिओचा दर्जा निवडायचा डायलॉग उघडला की बार टुणकन परत येतो आणि डायलॉग बंद केला तरी तिथेच बसून राहतो. आणि तिसरं, टॅप केल्यावर बार दाखवायचा, पुन्हा टॅप केला की लपवायचा असं ठेवलंय तर दरवेळी सगळी बटणं खालीवर उडी मारतात, बघवत नाही.

टार्गेट एसडीके ३५ (म्हणजे अँड्रॉइड १५) करायचंय म्हणून आत्ताच नीट करून टाकावं म्हणतो. जाणकारांच्या प्रतीक्षेत. मोबाईलवरून लिहितोय त्यामुळे कोड चिकटवत नाही, तुम्हीही नुसती नावं बोलतो तशी लिहिलीत तरी चालेल, मी शोधून घेईन.

रिकामटेकडा

थीममधे विंडो फुलस्क्रीन ट्रू कर आणि विषय संपव. एक ओळ. आमच्या अ‍ॅपमधे कित्येक वर्षं तेच आहे, कुणाची तक्रार नाही.

इन्सेटकाका

रिकामटेकडा, तुमच्या अ‍ॅपमधे कुठे टाइप करायची जागा नसणार म्हणून तक्रार नाही. फ्लॅग फुलस्क्रीन लावलेल्या विंडोत अ‍ॅडजस्ट रिसाइझ चालत नाही, कीबोर्ड वर आला की विंडो लहान होतच नाही आणि लिहायचा चौकोन कीबोर्डखाली गडप. हे बग नाही, डॉक्युमेंटेशनमधेच लिहिलेलं आहे. शिकवणीच्या अ‍ॅपमधे व्हिडिओखाली प्रश्न विचारायची जागा असणारच, तिथे पहिल्याच दिवशी बोंब होईल.

धागाकर्त्यांनो, तुमचे तिन्ही प्रश्न वेगवेगळे वाटतायत पण मुळाशी एकच गोष्ट आहे. बार लपवणं सोपं, ती एक ओळच असते. बार गेल्यावर मोकळी झालेली जागा कुणाची हे मात्र तुम्ही कुठेच सांगितलेलं नाही, आणि तुम्ही नाही सांगितलं की सिस्टीम स्वतःच्या मनाने ठरवते.

आधी थोडा इतिहास, कारण नेटवर जी उत्तरं सापडतात ती निरनिराळ्या काळातली आहेत आणि लोक त्यांची भेळ करतात. अँड्रॉइड ४.१ च्या आधी फक्त विंडोचा फ्लॅग होता, तो रिकामटेकडा म्हणतायत तो. ४.१ मधे सिस्टीम यूआय फ्लॅग फुलस्क्रीन आला, तुम्ही वापरताय तो. ४.४ मधे इमर्सिव्ह आणि इमर्सिव्ह स्टिकी हे दोन प्रकार आले. मग २०२० मधे अँड्रॉइड ११ सोबत हे सगळं मोडीत काढून विंडो इन्सेट्स कंट्रोलर आणला. जुने फ्लॅग तेव्हापासून डेप्रिकेटेड (वापरू नका म्हणून जाहीर केलेले) आहेत, चालतात अजून, पण नव्या आणि जुन्याची सरमिसळ केलीत तर कोण कुणावर मात करेल ते फोनच्या व्हर्जनवर अवलंबून, आणि ते शोधत बसण्यात काही मजा नाही. त्यामुळे पहिलं काम, जुने फ्लॅग झाडून सगळे काढा, थीममधलेसुद्धा, आणि अँड्रॉइडएक्स कोअरमधला विंडो इन्सेट्स कंट्रोलर कॉम्पॅट वापरा. त्याला हाइड म्हणायचं आणि टाइप स्टेटस बार्स द्यायचं. जुन्या व्हर्जनवर आतल्या आत तो जुनेच फ्लॅग लावतो, ती काळजी आपली नाही.

आता काळी पट्टी. अँड्रॉइड ९ पासून प्रत्येक विंडोला लेआउट इन डिस्प्ले कटआउट मोड असतो. काही न सांगता डिफॉल्ट ठेवला तर नियम असा की खाच स्टेटस बारच्या आत मावत असेल आणि बार दिसत असेल तोपर्यंत तुमची विंडो तिथे जाऊ शकते, पण बार लपवलात की सिस्टीम म्हणते ह्या अ‍ॅपला खाचेबद्दल काही माहिती दिसत नाही, उगाच ह्यांचं बटण कॅमेऱ्याखाली जायला नको, आणि तेवढा भाग काळा करून विंडो खाली ढकलते. म्हणून खाचवाल्या फोनवर पट्टी आणि बाकीच्यांवर नाही. मोड शॉर्ट एजेस करा, पट्टी जाईल.

टार्गेट ३५ केलंत की अँड्रॉइड १५ च्या फोनवर हा मोड जबरदस्तीने ऑलवेज धरला जातो, म्हणजे पट्टी आपोआप जाईल. पण ९ ते १४ वाले फोन आहेत तिथे तुम्हालाच सांगावं लागणार, त्यामुळे ती ओळ काढू नका.

डायलॉगचं जेवून आल्यावर लिहितो.

अर्धाकोड

काका, शॉर्ट एजेस केलं आणि पट्टी खरंच गेली!! पण आता मागे जायचं बटण बरोबर कॅमेऱ्याखाली आलंय, अर्धंच दिसतं. म्हणजे सिस्टीमला जी भीती होती तेच झालं.

चाचणीबाई

हे होणारच होतं. मी टेस्टिंगमधे आहे, डेव्हलपर लोक शॉर्ट एजेस लावून "झालं" म्हणून बिल्ड पाठवतात आणि त्यांच्या स्वतःच्या फोनला मध्यभागी बारीक भोक असतं म्हणून त्यांना काही दिसत नाही. कोपऱ्यात कॅमेरा असलेल्या फोनवर नेमकं बंद करायचं बटण जातं.

खाचवाले दहा फोन विकत घ्यायची गरज नाही. डेव्हलपर ऑप्शन्समधे डिस्प्ले कटआउट नावाची सेटिंग आहे, अँड्रॉइड ९ पासून. तिथे कोपऱ्यातली खाच, उंच खाच, वर आणि खाली दोन्हीकडे खाच असे खोटे प्रकार लावता येतात, एमुलेटरवर पण चालतं. प्रत्येक प्रकारात फोन उभा, आडवा आणि उलटा आडवा करून बघा. उलटा आडवा कुणीच बघत नाही, आणि बग हमखास तिथेच सापडतो कारण खाच दुसऱ्या बाजूला जाते.

आणि एक, चाचणी करताना कॅमेरा किंवा माइक वापरणारी स्क्रीन असेल तर तेही बघा. अँड्रॉइड १२ पासून माइक-कॅमेरा चालू असला की वर कोपऱ्यात हिरवा ठिपका येतो, स्टेटस बार लपवलेला असला तरी येतो, आणि तो तुम्हाला लपवता येत नाही, यावा म्हणूनच ठेवलाय. तुमच्या अ‍ॅपमधे शिक्षकाला थेट प्रश्न विचारायची सोय असेल तर त्या ठिपक्याखाली काही महत्त्वाचं ठेवू नका. त्याची जागा विचारायला गेट प्रायव्हसी इंडिकेटर बाउंड्स आहे.

इन्सेटकाका

चाचणीबाईंशी सहमत, उलट्या आडव्याबद्दल तर दुप्पट सहमत.

बटणाचं उत्तर असं. व्हिडिओ आणि बटणं ह्यांना एकच नियम लावू नका. व्हिडिओला पूर्ण काच द्या, खाचेखाली गेला तरी काही बिघडत नाही. त्याच्यावरचा बटणांचा थर आहे त्याला मात्र इन्सेट (बार किंवा खाचेने व्यापलेल्या जागेएवढं अंतर) लावा, स्टेटस बार्स आणि डिस्प्ले कटआउट हे दोन्ही टाइप एकत्र करून. रूट व्ह्यूवर फिट्स सिस्टीम विंडोज ट्रू करून मोकळे होऊ नका, त्याने व्हिडिओपण आत ओढला जाईल.

आणि तुमची उडी इथेच सुटते. गेट इन्सेट्स विचारलंत तर बार लपलेला असताना त्याची उंची शून्य येते आणि दिसताना खरी येते, म्हणून दरवेळी बटणं खालीवर. त्याऐवजी गेट इन्सेट्स इग्नोरिंग व्हिजिबिलिटी वापरा. बार दिसो न दिसो, उंची तीच मिळते, बटणं जागची हलत नाहीत. कंपोजमधे (अँड्रॉइडच्या नव्या यूआय पद्धतीत) असाल तर स्टेटस बार्स इग्नोरिंग व्हिजिबिलिटी नावाने तेच आहे.

कृपया कुणी २४ डीपी असा आकडा कोडमधे लिहू नका. खाच येण्याच्या आधी तो बऱ्याच फोनवर जमून जायचा, आता प्रत्येक फोनची उंची वेगळी.

आता डायलॉग. डायलॉगची स्वतःची वेगळी विंडो असते. तुम्ही बार लपवायला सांगितलंय ते अ‍ॅक्टिव्हिटीच्या विंडोला. डायलॉग आला, फोकस त्याच्याकडे गेला, त्याच्या विंडोने काहीच सांगितलेलं नाही, म्हणून बार हजर. डायलॉगच्या विंडोसाठीही तोच कंट्रोलर बनवून तिथेही हाइड करा. तरीसुद्धा क्षणभर बार चमकून जातो, त्यासाठी जुनी युक्ती आहे, शो करायच्या आधी डायलॉगच्या विंडोला फ्लॅग नॉट फोकसेबल लावायचा, शो झाल्यावर काढायचा. डायलॉग बंद झाल्यावर बार तिथेच राहतो त्याला ऑन विंडो फोकस चेंज्डमधे फोकस परत आला की पुन्हा हाइड म्हणा. स्पिनरची यादी, पॉपअप मेन्यू, खालून येणारी शीट ह्या सगळ्यांची हीच कथा, सगळ्या वेगळ्या विंडो.

माझं वैयक्तिक मत विचाराल तर व्हिडिओवर डायलॉग ठेवूच नका, त्याच लेआउटमधे एक पॅनेल सरकवत आणा. निम्मी डोकेदुखी तिथेच संपते.

नवशिका

काका मस्त समजावलंत, वाखु साठवली आहे. माझा थोडा वेगळा प्रश्न आहे, इथेच विचारतो. परीक्षेचं अ‍ॅप आहे, स्टेटस बार लपवलाय पण मुलं वरून खाली ओढतात आणि नोटिफिकेशन बघतात, कुणीतरी उत्तर पाठवलं की संपलं. ओढताच येऊ नये असं करता येईल का? एका ठिकाणी वाचलं की स्टेटस बारवर पारदर्शक ओव्हरले विंडो टाकायची म्हणजे बोटाचा स्पर्श तीच खाते.

इन्सेटकाका

ती ओव्हरलेवाली युक्ती अँड्रॉइड ८ पासून मेली. आता साध्या अ‍ॅपला जी ओव्हरले विंडो मिळते ती स्टेटस बार आणि कीबोर्डच्या खालीच राहते. आणखी एक युक्ती सापडेल, शेड (वरून ओढून येणारी सूचनांची यादी) उघडली की क्लोज सिस्टीम डायलॉग्ज असा ब्रॉडकास्ट सोडून ती लगेच बंद करायची, तिच्यावर अँड्रॉइड १२ ने बंधनं घातली.

आणि ते योग्यच आहे. लपवणं म्हणजे दृष्टीआड करणं, अडवणं नव्हे. मालकाला स्वतःच्या फोनच्या सूचनांपासून तोडायचा अधिकार दुकानातून उतरवलेल्या अ‍ॅपला मिळाला तर उद्या कुठलंही भामटं अ‍ॅप फोन बळकावून बसेल.

फोन परीक्षा घेणाऱ्या संस्थेचे असतील तर रीतसर वाट आहे, लॉक टास्क मोड. अ‍ॅपला किंवा तुमच्या व्यवस्थापन करणाऱ्या अ‍ॅपला डिव्हाइस ओनर (अख्ख्या फोनचा व्यवस्थापक) करायचं, सेट लॉक टास्क पॅकेजेसमधे परीक्षेच्या अ‍ॅपचं नाव द्यायचं आणि स्टार्ट लॉक टास्क म्हणायचं. मग सूचना दिसत नाहीत, होम बटण चालत नाही, शेड उघडत नाही. अँड्रॉइड ९ पासून त्यातलं काय काय चालू ठेवायचं तेही निवडता येतं, म्हणजे घड्याळ-बॅटरी दिसू द्यायची पण नोटिफिकेशन नको, असं. डिव्हाइस ओनर नसताना स्टार्ट लॉक टास्क म्हटलंत तर नुसतं स्क्रीन पिनिंग होतं, त्यात वापरणाऱ्याला विचारलं जातं आणि तो बाहेरही पडू शकतो.

फोन मुलांचे स्वतःचे असतील तर पेपर असा काढा की नोटिफिकेशन बघून फायदा होऊ नये. ह्याला कोडमधे उत्तर नाही.

सफरचंदवाली

आयफोनवर पण तसंच आहे नवशिका. संस्थेच्या ताब्यातले फोन असतील तर सिंगल अ‍ॅप मोड, एकट्यादुकट्याला गायडेड अ‍ॅक्सेस, आणि परीक्षांसाठी ऑटोमॅटिक असेसमेंट कॉन्फिगरेशन म्हणून खास सोय आहे पण तिच्यासाठी अ‍ॅपलकडून परवानगी मागावी लागते, उठलं आणि वापरलं असं नाही.

अर्धाकोड, पुढे आयफोनचं करणार आहात म्हणून आत्ताच लिहून ठेवते. तिकडे गोंधळ वेगळ्या प्रकारचा आहे. एक्सकोडमधे टार्गेटच्या जनरल टॅबमधे हाइड स्टेटस बार अशी टिकमार्क असते, नवीन माणूस ती दिसल्या दिसल्या टिक करतो, अ‍ॅप उघडताना बार नसतो, आणि पहिली स्क्रीन आली की बार परत. मग इथे येऊन धागा काढतो. ती टिकमार्क फक्त लाँच होतानापुरती आहे. पुढे प्रत्येक व्ह्यू कंट्रोलरला विचारलं जातं, तुला बार हवा का, आणि ते उत्तर प्रिफर्स स्टेटस बार हिडन ओव्हरराइड करून द्यायचं. उत्तर बदललं की सेट नीड्स स्टेटस बार अपिअरन्स अपडेट म्हणायचं, नाहीतर तो विचारायला येतच नाही. अ‍ॅनिमेशन ब्लॉकच्या आत म्हटलंत तर बार फेड किंवा स्लाइड होत जातो, कुठलं ते प्रिफर्ड स्टेटस बार अपडेट अ‍ॅनिमेशन सांगतं.

आयओएस ९ च्या आधी यूआय अ‍ॅप्लिकेशनला थेट सांगता यायचं, बार लपव. ती जुनी उत्तरं अजूनही शोधात वर येतात, त्यांच्या नादी लागू नका. इन्फो पीलिस्ट ह्या सेटिंगच्या फाइलमधली व्ह्यू कंट्रोलर बेस्ड स्टेटस बार अपिअरन्स ही किल्ली नो केलेली असेल तर मात्र प्रिफर्स वगैरे काहीच विचारलं जात नाही, कोड बरोबर असून चालत नाही म्हणून लोक डोकं आपटत बसतात. आधी ती किल्ली बघा.

स्वतः बनवलेला कंटेनर असेल तर चाइल्ड फॉर स्टेटस बार हिडनमधून आतल्या कंट्रोलरचं नाव द्या, कारण प्रश्न बाहेरच्याला विचारला जातो, आतल्याला नाही. आणि पूर्ण स्क्रीन न व्यापणारा मोडल (आधीच्या स्क्रीनवर उघडणारी दुसरी स्क्रीन) असेल तर त्याला कुणी विचारतच नाही, त्यासाठी मोडल प्रेझेंटेशन कॅप्चर्स स्टेटस बार अपिअरन्स ट्रू करायचं. स्विफ्टयूआयमधे स्टेटस बार हिडन हा मॉडिफायर लावला की झालं.

पण मुळात आयफोनवर व्हिडिओसाठी हे करायची गरज किती? फोन आडवा केला की बार आपोआपच जातो. आणि उभ्यात, २०१७ च्या आयफोन टेन नंतरच्या खाचवाल्या फोनवर बार लपवून तुम्हाला जागा काहीच मिळत नाही. सेफ एरिया तेवढाच राहतो, कारण तिथे कॅमेरा आहेच. जुन्या होम बटणवाल्या फोनवर २० पॉइंट मोकळे व्हायचे, तेव्हा अर्थ होता, आणि तिथे नॅव्हिगेशन बारपण त्या २० पॉइंटनी वर उडी मारायचा, तुमच्या बटणांसारखाच. आता कॅमेऱ्याच्या दोन्ही बाजूंचे कान रिकामे ठेवण्यापेक्षा तिथे घड्याळ आणि बॅटरी असलेली काय वाईट? मी डिझाइनवाल्यांना हाच प्रश्न विचारते, बहुतेकदा त्यांच्याकडे उत्तर नसतं, कारण त्यांच्या चित्रातल्या चौकटीला खाचच नसते.

रिकामटेकडा

बाईंचं शेवटचं वाक्य प्रिंट काढून भिंतीवर लावतो.

फडफड

फ्लटरवाल्यांसाठी (एकाच कोडात दोन्ही फोनची अ‍ॅप करणाऱ्यांसाठी) दोन शब्द, कारण हा धागा शोधत इथे तेही येतील.

सिस्टीम क्रोममधे सेट एनेबल्ड सिस्टीम यूआय मोड वापरायचं. जुनं सेट एनेबल्ड सिस्टीम यूआय ओव्हरलेज कधीच डेप्रिकेट झालं तरी लोक कोड उचलतात तो तोच. इमर्सिव्ह स्टिकी दिलं तर वरचा खालचा दोन्ही बार जातात, फक्त वरचा घालवायचा असेल तर मोड मॅन्युअल आणि ओव्हरलेजमधे फक्त बॉटम. मॅन्युअलची खोड अशी की कीबोर्ड येऊन गेला किंवा अ‍ॅप मागे जाऊन परत आलं की बार परत दिसायला लागतो आणि आपणहून जात नाही, त्यामुळे सेट सिस्टीम यूआय चेंज कॉलबॅकमधे किंवा लाइफसायकल रिझ्यूम झाल्यावर पुन्हा सांगावं लागतं. रन अ‍ॅपच्या आधी मेनमधे लिहिणार असाल तर विजेट्स फ्लटर बाइंडिंग एन्शुअर इनिशियलाइझ्ड पहिल्या ओळीत हवं.

आणि स्क्रीन सोडताना डिस्पोजमधे बार परत आणायला विसरू नका, ही सेटिंग त्या स्क्रीनपुरती नसते, अख्ख्या अ‍ॅपला लागते.

कंपोजकर

फडफडने चांगला मुद्दा काढला, परत आणण्याचा. कंपोजमधे हे अजून चकवतं. सगळे सांगतात डिस्पोजेबल इफेक्टमधे हाइड करा, ऑन डिस्पोजमधे शो करा, सुंदर दिसतं. पण एका व्हिडिओवरून "पुढचा व्हिडिओ" म्हणून तसल्याच दुसऱ्या स्क्रीनवर गेलात आणि मधे अ‍ॅनिमेशन असेल तर काही काळ दोन्ही स्क्रीन जिवंत असतात. नवीन स्क्रीन येते, हाइड म्हणते. अ‍ॅनिमेशन संपतं, जुनी स्क्रीन मरते, मरता मरता शो म्हणून जाते. नव्या स्क्रीनवर बार बसलेला, आणि तुम्ही कोड वाचून वाचून वेडे, कारण दोन्ही स्क्रीनचा कोड अगदी बरोबर आहे.

म्हणून मी स्क्रीनच्या हातात हे देतच नाही. वर एका जागी, सध्याचा रूट (म्हणजे उघडी असलेली स्क्रीन) कुठला ते बघून ठरवतो, हा रूट असेल तर हाइड, नाहीतर शो. एकच मालक. आणि अकंपनिस्ट ह्या लायब्ररीमधलं सिस्टीम यूआय कंट्रोलर कुणी सुचवलं तर घेऊ नका, ते डेप्रिकेटेड आहे, त्यांचेच लोक एनेबल एज टू एज वापरा म्हणतात.

नेटिव्हनाही

रिअ‍ॅक्ट नेटिव्हमधे पण हाच मालकीचा घोळ. स्टेटस बार हा कंपोनंट हिडन देऊन कुठेही टाकता येतो, आणि एकावेळी कितीही असू शकतात, माउंट झालेल्या (स्क्रीनवर आलेल्या) क्रमाने त्यांच्या प्रॉप्स (त्यांना दिलेल्या सेटिंग) एकमेकांत मिसळतात, शेवटचा जिंकतो. स्टॅक आणि टॅबमधे मागची स्क्रीन अनमाउंट होत नाही, म्हणजे टॅब बदलला तरी मागच्या टॅबचा बार लपवलेलाच. इज फोकस्ड बघून मगच तो कंपोनंट रेंडर करायचा.

दुसरी गंमत, नेटिव्ह स्टॅकच्या ऑप्शनमधूनही स्टेटस बार हिडन देता येतं, पण आयफोनवर त्याला सफरचंदवाली म्हणतात ती पीलिस्टची किल्ली यस लागते, आणि स्टेटस बार कंपोनंटला तीच किल्ली नो लागते. एका स्क्रीनवर हे आणि दुसरीवर ते असं केलंत की एक कुठलंतरी बंद पडणारच. टीमने बसून एक काय ते ठरवा. अँड्रॉइडवरचा मोडल वेगळी विंडो असतो हे काकांनी सांगितलंच, त्याला स्टेटस बार ट्रान्सल्युसंट ट्रू दिलं नाही तर तो बारच्या खालून सुरू होतो आणि वर फट दिसते.

अर्धाकोड

सगळ्यांचे मनापासून आभार, एवढं मिळेल असं वाटलं नव्हतं. काय केलं ते लिहितो, मागून येणाऱ्यांना उपयोगी पडेल. जुने फ्लॅग काढले, कंट्रोलर कॉम्पॅट घातला, कटआउट मोड शॉर्ट एजेस, बटणांच्या थराला इग्नोरिंग व्हिजिबिलिटीवाले इन्सेट अधिक कटआउट. उड्या बंद. दर्जा निवडायचा डायलॉग काढून पॅनेल केलं, काकांचं ऐकलं.

आता एकच अडतंय. बिहेव्हियर शो ट्रान्झियंट बार्स बाय स्वाइप ठेवलंय. वरून ओढलं की बार येतो, थोड्या वेळाने आपणहून जातो, छान. पण बार आलाय हे माझ्या कोडला कळतच नाही, लिसनर (इन्सेट बदलले की कळवणारा कोड) वाजतच नाही. बारसोबत व्हिडिओची बटणंपण दाखवायची आहेत.

इन्सेटकाका

नाहीच कळणार. ट्रान्झियंटचा अर्थच तो, बार तुमच्या वर अर्धपारदर्शक तरंगतो, तुमच्या लेआउटच्या दृष्टीने तो लपलेलाच आहे, म्हणून इन्सेट बदलत नाहीत आणि लिसनर वाजत नाही. जुन्या इमर्सिव्ह स्टिकीचंही असंच होतं.

कळायला हवं असेल तर बिहेव्हियर डिफॉल्ट ठेवा. मग ओढल्यावर बार खरोखर परत येतो, इन्सेट येतात, तिथे इज व्हिजिबलला टाइप स्टेटस बार्स देऊन विचारा आणि बटणं दाखवा. मात्र मग बार आपणहून जाणार नाही, तुमच्या बटणांचा टायमर संपला की तुम्हीच हाइड म्हणायचं. व्हिडिओला माझ्या मते हेच बरं. तासाभराचा धडा बघणाऱ्याला मधेच किती वाजले, बॅटरी किती उरली हे बघायचं असतंच, एका टॅपमधे बटणं आणि बार दोन्ही यावेत, एकदम जावेत. ट्रान्झियंट खेळांना ठीक, तिथे बोट चुकून वर गेलं तर बार बसून राहायला नको.

सफरचंदवाली

खेळांवरून आठवलं, आयफोनवर त्यासाठी वेगळं सांगावं लागतं. प्रिफर्ड स्क्रीन एजेस डिफरिंग सिस्टीम जेस्चर्समधे टॉप दिलं की पहिल्या ओढीला नुसता छोटा बाण दिसतो, दुसऱ्या ओढीला नोटिफिकेशन उघडतात. आयओएस ११ पासून हे बार लपवण्याशी बांधलेलं नाही, दोन्ही स्वतंत्र.

चाचणीबाई

पहिल्यांदा फुलस्क्रीन गेल्यावर अँड्रॉइड स्वतःच "बाहेर पडायला वरून खाली ओढा" छापाचा संदेश दाखवतं, तो काढून टाका असं एका क्लायंटने बग म्हणून नोंदवलं होतं. तो सिस्टीमचा आहे, अ‍ॅपला काढता येत नाही. कुणी विचारलं तर ह्या प्रतिसादाची लिंक द्या.

अर्धाकोड

डिफॉल्ट केलं, जमलं. हाहा, तो संदेशवाला बग आमच्याकडेही कालच आलाय. शेवटचं, टॅब्लेटवर स्प्लिट स्क्रीनमधे बार जातच नाही, हाइड म्हटलं तरी ढिम्म. आता हे काय?

इन्सेटकाका

काही नाही, तसंच आहे. मल्टी विंडोमधे अर्धी काच तुमची, बार सगळ्यांचा, तिथे अ‍ॅपला तो लपवता येत नाही. इन्सेट नीट लावले असतील तर दिसायला काही बिघडणार नाही. फक्त कोडमधे "मी हाइड म्हटलं म्हणजे बार गेला" असं गृहीत धरून कुठे हिशोब केला असेल तर तो काढा आणि इज व्हिजिबललाच विचारा.

अर्धाकोड

आहे एका ठिकाणी, एक बूलियन ठेवलाय. काढतो.